शेवंतीचं डोहाळजेवण

कुळगावच्या खालच्या आळीत कौसाबाईच्या जिभेतून सुटलेलं माणूस शोधून दाखवा, ते नक्की दुसऱ्या आळीतलं निघेल. कुणाची सून घागर तिरपी धरून चालली, कुणाच्या जावयानं पुन्हा पुन्हा वडे मागून घेतले, की दिवस मावळायच्या आत त्याची ओवी झालीच म्हणून समजा. शेंगा फोडता फोडता, पाय पसरून, कौसाबाई दोन ओळी जुळवायची आणि अशा गोड गळ्यानं म्हणायची, की जिच्यावर म्हटली ती रागवायचं विसरून पदर तोंडाला लावायची.

एकच बाई तिच्या ओवीला दाद देत नव्हती. ती म्हणजे तिची स्वतःची सून, विठा.

विठा वाईट नव्हती हो. पण साखरेच्या डब्यात चमचा घातला की त्याचं डोकं बोटानं सपाट करून घेणारी. दाराला कडी घातली की चार पावलं जाऊन परत येऊन ओढून बघणारी. कौसाबाई तिला 'कलेक्टरीणबाई' म्हणायची. विठा नुसतं "हूं" करायची आणि केर काढायची. केराला काय, कौसाबाईच्या ओवीला काय, तिच्या लेखी सारखाच मान.

त्या विठाचा जीव होता शेवंतीवर. शेवंती ही तिची शेळी. जांभूळच्या तिच्या बापानं दिवाळीच्या ओवाळणीत दिलेली. अंगानं काळीभोर, आणि दोन्ही कानांवर पिवळट ठिपके, कुणीतरी फुलं खोवून दिल्यासारखे. घर नवऱ्याचं, रघुचं, खाचरं त्याची, भांडीकुंडी सासूची. शेवंती तेवढी विठाची एकटीची. आणि आता ती पहिलटकरीण होती. कास भरत आली होती, चालताना पोट दोन्ही अंगांनी हलायचं.

मार्गशीर्षात जांभूळहून निरोप आला, की आई ओटीवरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये आहे. विठानं पिशवी भरली.

"आत्याबाई, शेवंतीला पाला आणि पेंढा. बाकी काही नाही."

"बरं गो."

"शिळा भात नाही, पाव नाही, पेजसुद्धा नाही."

"आन् पाणी? ते पाजू, का त्याला पन तुझी सही लागंल?"

विठा हसली नाही. रिक्षात बसली, आणि वळणावर मागं वळून पाहिलं. कौसाबाईनं हात वर केला खरा, पण सुनेची नजर होती गोठ्याकडं.

"बघितलंस?" कौसाबाई कुंपणापलीकडच्या वेणूबाईला म्हणाली. "सासूला टाटा नाय, बकरीला टाटा."

वेणूबाई म्हणजे कौसाबाईची जोडीदारीण. ओवीची पहिली ओळ हिची, तर 'गं बाई' तिचं. ती म्हणाली, "पहिलटकरीण हाय ना ती. काळजी वाटतेच."

"पहिलटकरीण!" कौसाबाईनं गालावर बोट ठेवलं. "आन् मालकीण गेली माहेरी. आता हिचे डोहाळे कुनी पुरवायचे?"

बोलणं थट्टेचंच होतं. पण भात झोडून झाले होते, नवा तांदूळ घरोघर आला होता, आणि दुपारच्या वेळी आळीतल्या बायांच्या हाताला काम नव्हतं. थट्टा उठून उभी राहिली आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी शेवंतीला न्हाऊ घातलं. शिंगांना झेंडूच्या माळा बांधल्या. पाठीवर हिरवा खण टाकला. पाळण्यात बसवणं काही जमेना, म्हणून उलट्या टोपलीवर पुढचे दोन पाय ठेवून उभी केली. हळदीकुंकू झालं. मग रीतीप्रमाणं दोन वाट्या झाकून आणल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. जी वाटी उघडेल त्यावरून मुलगा की मुलगी ते ठरायचं. शेवंतीनं एका मुसंडीत दोन्ही वाट्या उलथल्या आणि दोन्ही खाल्लं.

"जुळं गो बाय, जुळं!" बाया टाळ्या पिटून हसल्या.

कौसाबाईचा गळा असा लागला होता त्या दिवशी, की रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून उभा राहिला.

*पाचवा लागला महिना, शेवंतीला गोड खावंसं*
*नव्या तांदळाची खीर, बोट चाखून द्यावंसं*

*शेवंती माझी गाभण, डोळे तिचे काजळाचे*
*मालकीण गेली माहेरा, कोण पुरवी डोहाळे*

आता डोहाळजेवण झालं म्हणून गोष्ट तिथंच मिटते थोडीच? पोटुशीला घरोघर जेवायला बोलवायची रीत आहे. वेणूबाई म्हणाली, उद्या माझ्याकडं. परवा पलीकडच्या घरी. कुणी खीर केली, कुणी घावणे, कुणी गुळाच्या पोळ्या. वेणूबाईचा नवरा उल्हासनगरच्या बेकरीत कामाला होता, तो तुटक्या टोस्टांची पिशवी घेऊन आला. आठवडा उलटेपर्यंत शेवंतीला पेंढ्याचा वास नकोसा झाला. दुपार कलली, की ती आपली आपण दोर ताणून आळीकडं तोंड करून उभी राहायची.

"बघा, तालुक्याचा पुढारी निघाला दौऱ्यावर," कौसाबाई म्हणायची आणि दोर सोडायची.

शेवटी शेवटी शेवंतीच्या लेंड्या पातळ झाल्या. गोठ्याला आंबूस वास यायला लागला. पोट नगाऱ्यासारखं तटतटलं. "जड झालीय, दुसरं काय," कौसाबाईनं स्वतःची समजूत घातली. मग एका सकाळी शेवंतीनं खिरीवरूनसुद्धा तोंड फिरवलं. कौसाबाईनं घाईघाईनं गोठा झाडला, पेंढा पसरला, झेंडूच्या माळा उकिरड्यात खोल पुरल्या. त्याच दिवशी विठा यायची होती.

विठा आली तेव्हा ऊन कुंपणावर होतं. पिशवी हातातच, ती गोठ्याकडं गेली. शेवंती अंगणाच्या मधोमध उभी होती. चारही पाय फाकलेले, मान पाठीवर टाकलेली, नाक वर. नारळाच्या शेंड्यावर कुणी बसलंय आणि ते तिच्याशी बोलतंय, असं बघत होती.

"बघ, तुझी वाट बघून बघून बिचारी देवाला विचाराय लागली," कौसाबाई म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच पातळ वाटला.

विठानं हाक मारली. शेवंतीनं कान हलवला, पण मान खाली आणली नाही. मग चालायला लागली ती सरळ भिंतीवर गेली, कपाळ भिंतीला टेकवून तशीच राहिली. रेटत राहिली, जणू भिंतीपलीकडं वाट आहे. विठानं तिच्या डोळ्यासमोर झटकन हात नेला. पापणी लवली नाही.

"आत्याबाई," विठा अगदी हळू म्हणाली, "हिला दिसत नाही."

कुंपणाशी बाया जमल्या. एकेकीनं आपापलं निदान काढलं. एक म्हणाली, नाल्याचं पाणी प्याली असंल. दुसरी म्हणाली, वारं लागलंय. वेणूबाईनं मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या आणि सगळ्यांना ठसका लागल्यावर "दृष्टच होती बघा" म्हणून निकाल दिला. कौसाबाईला यातलं प्रत्येक निदान आवडत होतं. नाला म्हटल्यावर ती म्हणे, "होय, नालाच." वारं म्हटल्यावर "वारंच." फक्त कुणी 'खाणं' म्हणू नये. आणि कुणी म्हणतही नव्हतं. प्रत्येकीच्या घरची वाटी त्यात होती. सगळ्या आळीनं मिळून तोंडात गुळणी धरली होती.

सकाळी रघु रात्रपाळी करून अंबरनाथहून आला, तो विठाच्या फोनमुळं येतानाच गुरांच्या डॉक्टरांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. डॉक्टरांचं नाव गुरुदत्त सबनीस. स्टेशनजवळच्या सोसायटीत राहायचे. उंच, सडपातळ, आणि चेहऱ्यावर हसण्याची एक रेघ नाही. कौसाबाईला वाटलं, हा आपल्या विठाचा मागच्या जन्मीचा भाऊ.

शेवंती आता आडवी पडली होती. मान मागं ओढलेली, पाय ताठ, मधूनच अंगातून झटका जाई. डॉक्टर गुडघ्यावर बसले. ताप बघितला. पोटाला कान लावला. तोंडाचा वास घेतला. जबडा उघडून बघितला, धनुर्वाताची दातखीळ नव्हती. मग बॅटरी काढून डोळ्यात उजेड टाकला.

"बाहुली आवळतेय," ते म्हणाले. "म्हणजे डोळा शाबूत आहे. पण हात नेला की पापणी लवत नाही. डोळा बघतोय, मेंदू बघत नाहीये." त्यांनी मान वर केली. "खाणं काय होतं?"

कौसाबाईनं पदराचा काठ मुठीत धरला.

उत्तर दिलं विठानं. "पाला आणि पेंढा, डॉक्टर."

"तेवढंच?"

"तेवढंच. मी माहेरी होते आठवडाभर, पण सांगून गेले होते. आत्याबाई थट्टेखोर आहेत, पण माझ्या शेवंतीच्या बाबतीत माझा शब्द मोडायच्या नाहीत."

असं काही विठा तिच्याबद्दल कधी बोलली नव्हती. एरवी कौसाबाईनं ते चार घरी सांगितलं असतं. आता ती खाली वाकून पेंढ्यातल्या काड्या वेचायला लागली. कुंपणापलीकडं वेणूबाईनं एकदम आभाळाकडं बघायला सुरुवात केली, शेवंतीसारखीच.

डॉक्टरांनी विचार केला. "शेवटचा महिना. पोट एवढं मोठं, दोन करडं असणार. आणि खाणं नुसता पाला-पेंढा. मग उपासमार झालीय हिची. पोटातली पिल्लं आईचं अंग खातात, अशानं पण आंधळेपण येतं, मान अशीच जाते. अशात तोंडाला गोडसर वास येतो, तो म्हणावा तसा येत नाही, पण…" त्यांनी विठाकडं बघितलं. "दोन आजार दिसायला सख्खे भाऊ, एक उपासमारीनं होतो, दुसरा दाणा-गूळ जास्त झाल्यानं; औषधं मात्र उलटी. खाणं तुम्ही म्हणता तसं असेल तर गुळाचं पाणी पाजा. शुद्धीवर आली की पेज द्या, दाणा द्या, भरपूर. खाऊ घाला तिला."

विठा धावतच आत गेली. चुलीवर पाणी ठेवल्याचा आवाज आला, गूळ फोडल्याचा आवाज आला. ठक, ठक, ठक. प्रत्येक ठक कौसाबाईच्या कपाळात बसत होता.

बोलावं तर काय होईल, ते तिला लख्ख दिसत होतं. बकरीचं डोहाळजेवण! बाजारात, लग्नाच्या मांडवात, हळदीला, जिथं जिथं तिनं लोकांवर ओव्या म्हटल्या तिथं तिथं आता तिच्यावर म्हणतील. आणि ते हसणं एक वेळ सोसलं असतं. पण विठानं आत्ता, सगळ्यांसमोर, तिच्यासाठी शब्द टाकला होता. तो शब्द खोटा पाडायचा म्हणजे सुनेनं आपल्या हातात दिलेलं भांडं आपणच फोडायचं. आणि न बोलावं, तर? तर त्या पोटात आणखी गूळ जाणार.

विठा बाटली घेऊन आली. शेवंतीचं डोकं मांडीवर घेतलं, जबड्यात बोट घातलं, बाटली तिरपी केली.

"थांब!"

कौसाबाईनं बाटली हिसकावली. गूळपाणी दोघींच्या लुगड्यांवर सांडलं.

"गूळ नको. गूळ खाऊनच झालंय हे. डॉक्टर, खोटं हाय ते पाल्याचं. विठाला नाय माहीत. मी… आम्ही हिचं डोहाळजेवण केलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "कोणाचं?"

"हिचं. शेवंतीचं."

कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं तिला. डॉक्टर तसेच गंभीर राहून म्हणाले, "काय काय वाढलं होतं?"

"खीर. नव्या तांदळाची. घावणे. गुळाच्या पोळ्या. पेढा-बर्फी पन. आन् रोज एकेका घरी जेवाय बोलावली, आठ दिस."

"कोणाच्या घरी काय?"

आता मात्र कुंपण फुटलं. एकीचं तोंड उघडलं म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला मागं राहावं? पलीकडची म्हणाली, घावणे माझे होते. वेणूबाई म्हणाली, "टोस्ट मी दिले. पन खरं सांगू डॉक्टर, तिनं जीव लावून खाल्ली ती माझी खीर."

"तुझी खीर? तीत दूध होतं का नुसतं धुवण?" पलीकडची फणकारली. "माझे घावणे संपवून ताट चाटलं हिनं."

"ताट चाटलं म्हंजे भूक राहिली असंल!"

"अगो, माझ्या घावण्यांनी आजारी पडलीय ती, तुझ्या खिरीनं नाय!"

"बायांनो!" डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "बक्षीस नाही वाटायचं मला." आणि मग, का कोण जाणे, त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि पुन्हा जागेवर गेला.

ते परत शेवंतीपाशी वाकले. आता त्यांचे हात घाईनं चालत होते. "हा पोलिओ आहे."

"अगो बाय! पोरांना डोस पाजतात तो?" वेणूबाई दोन पावलं मागं सरली. "हिचा राहिला वाटतं पाजायचा!"

"नाव तेवढं एक. हा संसर्गाचा नव्हे, पोरांना होत नाही, पायांचाही नाही. हा मेंदूचा. शेळीच्या पोटात चारा कुजवणारे बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते पाला-पेंढ्यावर जगतात आणि तिच्यासाठी बी-वन जीवनसत्त्व तयार करतात. अचानक पीठ, भात, गूळ पडला की पोट आंबतं, त्या जिवांचं राज्य बुडतं. बी-वन बंद. त्याच्यावाचून मेंदू सुजतो. मग दिसत नाही, मान मागं जाते, भिंतीला डोकं लावून उभी राहते, शेवटी झटके. वेळेत बी-वन गेलं तर उठते. उशीर झाला तर नाही." त्यांनी बॅग उघडून आतल्या कुप्या चाळवल्या. "माझ्याकडं आहे ते मिश्र, त्यात बी-वन नखाएवढं. हिला नुसतं आणि पुष्कळ लागेल. रघुनाथ, इथल्या दुकानात मिळायचं नाही. उल्हासनगर गाठा."

रघु झोपेचे डोळे चोळत मोटारसायकलवर बसला. डॉक्टरांनी होतं तेवढं मिश्र टोचलं, पोटातल्या आंबटासाठी खायचा सोडा पाण्यात कालवून थोडा थोडा पाजला, आणि डोक्याखाली पेंढ्याची उशी दिली, झटक्यात आपटू नये म्हणून.

कौसाबाई खांबाला टेकून बसली. विठा तिच्याकडं बघत नव्हती. ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती शेवंतीच्या कानावरून हात फिरवत होती, त्या पिवळ्या ठिपक्यांवरून, पुन्हा पुन्हा.

"विठे," कौसाबाई म्हणाली.

"हूं."

त्या "हूं"मध्ये शिरायला सुईएवढीही फट नव्हती.

रघु आला तो घामाघूम, पण हसत. "आये, त्या मेडिकलवाल्या सिंधी साईंनी माझी उलटतपासणी घेतली. 'इतना बी-वन? ये तो दारू छुड़ाने वाले को लगता है. घर में कौन पीता है, भाई?' मी म्हटलं, बकरी. तर म्हणतो, 'उसको बोल, अब कीर्तन में बैठा करे.' आणि वर पैसे कमी घेतले, दया आली त्याला माझी."

वेणूबाई फिसकन हसली. विठाच्या ओठांवर काही हललं नाही.

डॉक्टरांनी मानेवरचे केस कातरले, शीर शोधली आणि कुपीमागून कुपी अगदी सावकाश आत सोडली. मग रघुला मांडीत टोचायला शिकवलं, दिवसातून किती वेळा ते सांगितलं. "संध्याकाळी मी येतो. दाणा, भात, पाव, गूळ, काही नाही. सुकं गवत आणि पाला. आणि," उठता उठता ते कौसाबाईला म्हणाले, "तुम्ही आत्ता बोलला नसता, तर त्या गुळानं ही संध्याकाळ बघितली नसती. माझ्याही हातून चूक झाली असती."

हे ऐकून कौसाबाईला बरं वाटायला हवं होतं. तिला रडू आलं. ते लपवायला ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही चहा तरी घ्या. का तुम्हालाबी पाला देऊ?"

संध्याकाळ झाली तरी फरक नव्हता. झटके थांबले एवढंच. आणि आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून दिवेलागणीला एकेक बाई पदराखाली काहीतरी घेऊन आलीच. बिस्किटाचा पुडा. केळं. वेणूबाईनं तर थोडासा मऊ भात आणला होता, "नुसता वासाला." कौसाबाई फाटकात काठी आडवी धरून बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाला पायरीवरून परत लावलं.

"एवढा कडक पहारा?" वेणूबाई रुसून म्हणाली. आणि दोन पावलं गेल्यावर, तोंडातल्या तोंडात, पण ऐकू जाईल असं:

*सासूनं केलं डोहाळं, शेवंती बघे आभाळ*
*कौसा बसली फाटकात, काठी घेऊन सांभाळ*

कौसाबाईनं काठी तशीच आडवी धरून ठेवली. शेजारच्या चुलीपाशी कुणीतरी ते उचललं, त्याच्या पलीकडं आणखी कुणी. ओवी आळीच्या टोकापर्यंत गेलेली तिला ऐकू आली. जाऊ दे, म्हणाली. पोचू दे बदलापूर स्टेशनापर्यंत. तिची नजर मागं होती, गोठ्यातल्या कंदिलावर.

पहाटेचं दव अजून कुंपणावर होतं, तेव्हा ती उठून गेली. गोठ्याच्या दाराशी थांबून तिनं आधी कान दिला.

आतून आवाज येत होता. बारीक, ओला, एका लयीत. करर, करर. मग थांबा. मग एक गिळल्यासारखा हुंकार. मग परत करर, करर. रवंथ.

विठा आधीच तिथं होती, पेंढ्यावर मांडी घालून. शेवंती तिच्या अंगाला टेकून बसली होती, मान सरळ, जबडा डावीकडून उजवीकडं फिरत. विठानं कौसाबाईकडं बघितलं, आणि शेवंतीच्या डोळ्यासमोर झटकन हात नेला. पापणी लवली. पुन्हा नेला. पुन्हा लवली. तिसऱ्यांदा शेवंतीनं वैतागून मान बाजूला वळवली.

"पोटातली हलतात," विठा म्हणाली. "हात लावून बघा."

कौसाबाईनं हात लावला. तिच्या तळव्याखाली कुणीतरी लाथ मारली, मग शेजारून आणखी कुणीतरी.

"दोन हायती बघ! आम्ही म्हटलंच…" ती बोलून गेली आणि जीभ चावली.

विठानं शेवंतीच्या अंगावरची पेंढ्याची काडी काढली. मग तिच्या त्या सपाट चमच्याच्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, एक सांगून ठेवते. माझी वेळ येईल ना, तेव्हा मी आळीत जेवायला जाणार नाही. डॉक्टर सबनीसांकडून पथ्य आणीन."

कौसाबाईला आधी कळलंच नाही की ही थट्टा आहे. विठा थट्टा करते हेच तिला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं हसली की शेवंतीनं रवंथ थांबवून कान टवकारले.

"विठे! कलेक्टरीण कुठली!"

"दोर घ्या," विठा उठत म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, सावकाश हिंडवा, सुकं गवत खाऊ दे. मला चूल पेटवायचीय. पलीकडच्या खाचरात न्या. आणि आळीतून नको, मागच्या बांधानं."

"माझ्या हातात देतेस?"

"मग कुणाच्या देऊ?"

विठानं दोर सासूच्या तळव्यात ठेवला आणि वरून बोटं मिटवली.

मागच्या बांधानं दोघी निघाल्या, एक म्हातारी आणि एक गाभण, दोघींची पावलं सारखीच जपून. खाचरात भात कापून गेलेला, नुसती धसकटं आणि बांधावर वाळलेलं गवत. शेवंती अजून थोडी लडखडत होती. पण दगड आला की बाजूला होत होती. कौसाबाई तिच्यासमोर मुद्दाम एक दगड पायानं सरकवी, शेवंती वळसा घाली, आणि कौसाबाईला तेवढ्यानंच गहिवर यायचा.

उन्हं वर आली. बसल्या जागी तिला वेळेचं भान राहिलं नाही. गवत मोडल्याचा आवाज ऐकत राहावा असंच वाटत होतं. मग बांधावरून विठा येताना दिसली, हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"तुम्ही कालपासून जेवला नाहीत," विठा म्हणाली. "शेवंतीचं पथ्य आहे, तुमचं नाही."

कौसाबाईनं फडकं सोडलं. गरम भाकरी, वर लाल चटणी. पहिला घास मोडते न मोडते तोच शेवंतीचं नाक वर आलं. गवत सोडून ती सरळ चालत आली, अजिबात न लडखडता, आणि भाकरीकडं मान लांबवली.

"नाय हां! नाय म्हंते ना!" कौसाबाईनं भाकरी डोक्यावर धरली आणि पाठ फिरवली. शेवंती वळसा घालून समोर आली. कौसाबाई पुन्हा फिरली. शेवंती पुन्हा समोर. एक घास तोंडात, दुसरा हात आभाळात, भरल्या तोंडानं "हाड, हाड" करत ती बांधावर गोल गोल फिरत होती, आणि तिच्यामागं ते दोन जिवांचं तटतटीत पोट हलत होतं.

विठा आधी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मग तिला उभं राहवेना. ती मटकन बांधावर बसली, आणि पोट धरून, खाचर घुमेल एवढ्यानं हसायला लागली.

"हस, हस मेले," कौसाबाई भाकरी आणखी उंच धरत म्हणाली. "पन आधी दोर धर हिचा!"